बसला म्हणजे जुळला नव्हे!

(रोड बाइकसाठी ट्यूबलेस रिम आणि टायर निवडताना)

मराठी विभागासाठी काही लिहिणार का, असं संपादक मंडळाने विचारलं तेव्हा मी आधी चक्क हसले. माझं सगळं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. ऱ्हस्व-दीर्घाशी माझं जुनं वैर आहे, आणि 'पंक्चर' हा शब्द मराठीत कसा लिहायचा हे मी आत्ताच शेजारच्या रूममध्ये जाऊन विचारून आले. त्यामुळे कविता, ललित वगैरे आपल्याकडून होणे नाही. पण एक गोष्ट मला नीट माहीत आहे. ती फार महागात पडून माहीत झाली, म्हणून सांगते. ती गोष्ट म्हणजे सायकलचा टायर.

तुम्ही म्हणाल, टायरवर काय लेख लिहायचा? गोल असतो, काळा असतो, त्यात हवा भरतात. मलाही तसंच वाटायचं.

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या हॉस्टेलवर सायकलचं वेड असलेल्या आम्ही पाच-सहा जणी आहोत. रविवारी पहाटे रेक्टर मॅडमच्या रजिस्टरवर सही करायची आणि अंधारातच सिंहगडाच्या दिशेने निघायचं. गोळेवाडीपासून घाट चढायचा, वर दही आणि कांदाभजी हाणायची, मग उतार, आणि मेसचा नाश्ता संपायच्या आत परत. माझी रूमपार्टनर आमच्यात सगळ्यात वेगवान. पण तिच्या मागे एक शुक्लकाष्ठ होतं, पंक्चरचं. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला बाभळी कमी आहेत का? एका महिन्यात चार पंक्चर झाल्यावर ती वैतागली. ती कॉम्प्युटरची, मी मेकॅनिकलची. "तू एवढी मेकॅनिकलवाली ना? मग मला ट्यूबलेस करून दे," असा हुकूम निघाला.

मीही लगेच कामाला लागले. इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून तिने पास आउट होणाऱ्या एका सीनियरची कार्बनची चाकं सेकंडहँड घेतली. टायर दुकानातून आणला. त्यावर 'ट्यूबलेस रेडी' असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलं. अर्धा तास झटापट करून तो रिमवर चढवला, पंप मारला, टायर 'टप टप' आवाज करत जागेवर बसला, आणि मी जग जिंकलं. मग नेहमीप्रमाणे ९० पीएसआय हवा भरली, कारण जुन्या चाकात आम्ही तेवढीच भरायचो.

दोन रविवार झकास गेले. तिसऱ्या रविवारी उतारावर, एका वळणाच्या जरा अलीकडे, खड्डा लागला. बंदुकीसारखा आवाज झाला आणि पुढच्या टायरने रिम सोडली. पार्टनर उजव्या खांद्यावर पडली. कॉलरबोन मोडलं. सहा आठवडे हात झोळीत. सेमिस्टरचे पेपर तिने रायटर घेऊन दिले, जर्नल्स मी लिहिली. ते सगळं सोपं होतं. अवघड होतं तिच्या आईला फोन करणं. "काकू, ती सायकलवरून पडली, पण आता बरी आहे," एवढं मी म्हणाले. काकूंनी विचारलं, "अगं, पण पडली कशी?" मला उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे काकूंच्या त्या प्रश्नाचं, उशिरा का होईना, उत्तर आहे.

चाक घेऊन मी वर्कशॉपमध्ये गेले. तिथल्या मामांनी रिमच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, याला आत वळणच नाही की!" मग व्हर्नियर लावला. आतली रुंदी २३ मि.मी. मी टायरची बाजू टॉर्च लावून वाचली. रुंदी २५, आणि खाली बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं की हा टायर फक्त हुक असलेल्या रिमवर वापरावा. रिमच्या स्टिकरवर कमाल हवेचा आकडा होता ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय. मी भरली होती ९०. एकूण तीन चुका, आणि तिन्हींचं उत्तर त्या वस्तूंवरच छापलेलं होतं. फक्त मी वाचलं नव्हतं.

आधी थोडं शरीरशास्त्र

स्कूटरला ट्यूबलेस टायर असतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण स्कूटरमध्ये हवा असते २५ ते ३५ पीएसआयच्या आसपास, आणि टायर चांगला जाडजूड. रोड बाइकचा टायर त्यापुढे अगदी पापुद्रा, आणि हवा जवळजवळ दुप्पट-तिप्पट. म्हणून 'स्कूटरला चालतं मग सायकलला का नाही' हा न्याय इथे लागू पडत नाही.

टायरच्या दोन्ही कडांना आतून एकेक कडं असतं, त्याला बीड म्हणतात. (बीड म्हणजे जिल्हा नव्हे!) स्वस्त टायरमध्ये ते पोलादी तारेचं असतं, घडी घालता येणाऱ्या टायरमध्ये केव्हलारसारख्या धाग्याचं, आणि काही ट्यूबलेस टायरांमध्ये कार्बनचं. टायर रिमवर टिकतो तो या कड्याच्या जोरावर. ट्यूबवाल्या टायरमध्ये हे कडं थोडं ताणलं गेलं तरी रिमचा हुक त्याला पकडून ठेवतो आणि हवा ट्यूबमध्ये असते. ट्यूबलेसमध्ये मात्र हवा कोंडून ठेवायचं कामही याच कड्याकडे येतं. म्हणून ट्यूबलेस टायरचं बीड मुद्दाम न ताणणारं केलेलं असतं.

आता रिम. चाकाचा आडवा छेद काढा, म्हणजे ईडीच्या तासाला काढायचो तसा सेक्शन. मधोमध एक खोलगट पन्हळ दिसेल. तिच्या दोन्ही बाजूंना सपाट ओटा, ज्यावर बीड बसतं. पन्हळ आणि ओटा यांच्यामध्ये बारीकसा उंचवटा. हवा कमी झाली तरी बीड घसरून पन्हळीत पडू नये म्हणून तो असतो. ओट्याच्या बाहेर उभी भिंत. ही रचना असली, आणि स्पोकच्या भोकांवर हवाबंद टेप लावता आली, की ती रिम 'ट्यूबलेस रेडी'. 'रेडी'चा अर्थ 'तयार करता येईल' एवढाच. टेप, व्हॉल्व्ह आणि सीलंट आपणच घालायचं असतं.

जुन्या साध्या रिमवर नुसती टेप चिकटवून ट्यूबलेस करणारे लोक आहेत. त्या रिमला हा ओटा आणि उंचवटा नसतो. त्या वाटेला जाऊ नका.

हे आलं कुठून?

डनलॉपने हवेचा टायर १८८८ साली केला आणि मिशेलिन बंधूंनी १८९१ साली सहज काढता-घालता येणारा टायर आणला. तिथून शंभर वर्षं सायकल आणि ट्यूब यांचा संसार सुखाने चालला. १९९९ साली माविक, मिशेलिन आणि हचिन्सन या फ्रेंच कंपन्यांनी माउंटन बाइकसाठी यूएसटी नावाची ट्यूबलेस पद्धत आणली. रोड बाइकसाठी २००६ साली शिमानो आणि हचिन्सन यांनी एकत्र येऊन सुरुवात केली. पण पुढची बरीच वर्षं प्रत्येक कंपनीचं माप थोडं थोडं वेगळं होतं. एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर चढता चढत नसे, किंवा नको इतका सैल बसे. २०१७ साली माविकने रोड बाइकसाठीही यूएसटी आणलं, आणि हळूहळू ईटीआरटीओ या युरोपातल्या टायर-रिम संस्थेची आणि आयएसओची मापं बहुतेक कंपन्या पाळू लागल्या.

माप एवढं महत्त्वाचं का? रोड बाइकच्या चाकाला आपण '७००' म्हणतो, पण बीड बसतं त्या ओट्याचा व्यास असतो ६२२ मि.मी. बीडचा व्यास फक्त अर्धा मिलिमीटर जास्त झाला तर परीघ दीड मिलिमीटरहून जास्त वाढतो, म्हणजे कडं तेवढं सैल. फर्स्ट इयरला 'लिमिट्स, फिट्स अँड टॉलरन्सेस' घोकताना याचा कुठे उपयोग होणार असं वाटलं होतं. इथे होतो.

हुक की बिनहुक?

रिमच्या उभ्या भिंतीच्या टोकाला आतल्या बाजूला वळलेली बारीक कड असेल तर ती हुकवाली रिम. भिंत सरळ उभी असेल तर हुकलेस. रिमवर मापाबरोबर 'टीसी' अशी अक्षरं असतील तर ती हुकची ट्यूबलेस रिम. (इथला टीसी म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला नव्हे!) टीसीमधला सी 'क्रोशे'चा. आजीच्या क्रोशाच्या सुईला टोकाशी जो आकडा असतो, तोच हा शब्द. 'टीएसएस' असेल तर सरळ भिंतीची, म्हणजे हुकलेस. अक्षरं पुसली गेली असतील तर मामांची पद्धत वापरा, आतून बोट फिरवा.

हुकलेस कशासाठी करतात? कार्बनच्या रिममध्ये हुकचा साचा करणं किचकट आणि खर्चिक असतं. सरळ भिंत जाड ठेवता येते, त्यामुळे खड्ड्यात आदळल्यावर कड फुटण्याची शक्यता कमी होते. मोटारींच्या रिमलाही असा हुक नसतो, आणि त्या ठीक चालतात. पण मोटारीत हवा ३०-३५ पीएसआय असते हे विसरायचं नाही.

म्हणून हुकलेस रोड रिमसाठी नियम ठरलेले आहेत. एक, हवा जास्तीत जास्त ५ बार. दोन, टायर ट्यूबलेसचाच हवा आणि तो हुकलेसला चालतो असं टायरच्या कंपनीने सांगितलेलं हवं. आत ट्यूब घालून वापरणार असाल तरीसुद्धा टायर ट्यूबलेसचाच लागतो, कारण साध्या टायरचं बीड ताणलं गेलं तर त्याला पकडणारं तिथे कोणी नाही.

थोडं गणित (घाबरू नका, पाच ओळींचं आहे)

चाकाचा १ मि.मी. लांबीचा तुकडा डोळ्यांसमोर आणा. रिमच्या दोन भिंतींमधली रुंदी जितकी, तेवढ्या रुंदीवर हवा टायरला बाहेर ढकलते. ही ढकल दोन बीडमध्ये निम्मी निम्मी वाटली जाते. म्हणजे प्रत्येक मिलिमीटरमागे एका बीडवर येणारी ओढ = दाब गुणिले आतली रुंदी भागिले दोन. बीड म्हणजे ३११ मि.मी. त्रिज्येची रिंग. एसओएमच्या नियमाने रिंगमधला ताण = ती ओढ गुणिले त्रिज्या.

आता आकडे घाला. ९० पीएसआय म्हणजे ६.२ बार, म्हणजे ०.६२ न्यूटन प्रति चौरस मि.मी. पार्टनरची जुनी रिम आतून १७ मि.मी. होती. ताण येतो सुमारे १६४० न्यूटन, म्हणजे १६७ किलो. नवी रिम २३ मि.मी. त्याच ९० पीएसआयला ताण येतो सुमारे २२२० न्यूटन, म्हणजे २२६ किलो! पंपावरचा काटा तोच, पण बीडवरची ओढ तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढली. शिवाय जुन्या रिमला मदतीला हुक होता, नवीला तोही नव्हता.

हे गणित ढोबळ आहे. प्रत्यक्षात टायरमधले तिरके धागेही थोडा भार उचलतात, त्यामुळे खरा आकडा वेगळा येईल. पण दिशा बरोबर आहे, आणि एक दिलासाही आहे. त्याच २३ च्या रिमवर ६० पीएसआय ठेवलं तर ताण उतरतो १५१ किलोवर, म्हणजे जुन्या चाकापेक्षाही कमी. रुंद रिम वाईट नाही. रुंद रिममध्ये जुन्या सवयीने हवा भरणं वाईट.

टायर निवडताना

टायर दुकानात हातात घेतलात की किंमत बघायच्या आधी त्याची बाजू वाचा. तीन प्रकार आढळतील.

पहिला, साधा ट्यूबवाला. घडी घालता येतो म्हणून तो ट्यूबलेसला चालतो, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. घडी आणि ट्यूबलेस यांचा काही संबंध नाही.

दुसरा, 'ट्यूबलेस रेडी'. टीआर किंवा टीएलआर अशी अक्षरं असतात. बीड मजबूत असतं, पण टायरचं अंग पूर्ण हवाबंद नसतं. सीलंट घातल्याशिवाय हवा टिकत नाही. आज बाजारात मुख्यतः हाच मिळतो.

तिसरा, आतून रबराचा हवाबंद थर असलेला पूर्ण ट्यूबलेस. वजनाला जरा जड. सीलंटशिवाय हवा धरतो, पण काटा बंद व्हायला त्यालाही सीलंट लागतंच.

प्रकार कळला की दुसरा प्रश्न, हुकलेसला चालतो का? इथे एकेका अक्षराने फरक पडतो. काँटिनेंटलचा जीपी ५००० टीएल हा टायर २०१८ साली आला, तो हुकवाल्या रिमसाठीच. त्याच घराण्यातला २०२१ सालचा जीपी ५००० एस टीआर हुकलेसलाही चालतो. नाव जवळजवळ सारखं, दिसायलाही भाऊ-भाऊ. आडनाव एक असलं म्हणून एकाच्या हॉल तिकिटावर दुसऱ्याला पेपर देता येत नाही, तसंच हे.

जोडी जुळवणं

टायरवर '२८-६२२' असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा रुंदी, दुसरा बीडचा व्यास. रिमवरही ६२२ आणि पुढे आतली रुंदी असते. ६२२ दोन्हीकडे जुळलं म्हणजे पत्रिका जुळली असं नाही. रुंदीही बघावी लागते.

रिमच्या मानाने टायर अरुंद असेल तर काय होतं? टायरच्या बाजू गोल फुगण्याऐवजी सरळ उभ्या राहतात. मग बीडला रिमच्या भिंतीवर आडवं दाबून धरणारा जोर कमी होतो, आणि वर उचलणारा जोर तसाच राहतो. शिवाय खड्ड्यात रिमची कड रस्त्याला लवकर भिडते.

हा केवळ हॉस्टेलच्या पोरींचा प्रश्न नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये यूएई टूर या शर्यतीत बेल्जियमचा थॉमस दे गेंट पडला. त्याचा पुढचा टायर रिम सोडून चाकाभोवती गुंडाळलेला सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिला. रिम हुकलेस, आतून २५ मि.मी., टायर २८ चा. चाक दगडावर आदळून रिम फुटली आणि म्हणून टायर निघाला, असं कंपन्यांचं म्हणणं पडलं. पण वाद पेटला, कारण ईटीआरटीओच्या शिफारशीप्रमाणे २५ च्या हुकलेस रिमवर किमान २९ चा टायर हवा. सायकलिंगच्या जागतिक संघटनेलाही त्यात लक्ष घालावं लागलं. ज्यांच्यामागे मेकॅनिकची अख्खी गाडी असते त्यांच्या बाबतीत एका मिलिमीटरवरून एवढा वाद होतो, मग २३ वर २५ चढवणारी मी कोण?

आपल्या रस्त्यांसाठी माझं मत विचाराल तर आतून १९ ते २१ मि.मी.ची हुकवाली रिम आणि २८ किंवा ३० चा टायर. ही जोडी सगळ्यात निर्धास्त. हुक असल्यामुळे टायर निवडायला मोकळीक मिळते, आणि एखाद्या दिवशी पंपाचा काटा खोटं बोलला तरी जिवावर बेतत नाही. हुकलेस आधीच घेतली असेल तर फेकू नका. तिच्या कंपनीने टायरांची यादी दिलेली असते, त्या यादीबाहेर जाऊ नका, एवढंच.

घेण्याआधी फ्रेममधली जागाही मोजा. रुंद रिमवर टायर छापील आकड्यापेक्षा जास्त फुगतो. २८ चा टायर प्रत्यक्षात ३० भरू शकतो. फुगल्यावर दोन्ही बाजूंना निदान ४ मि.मी. मोकळी जागा राहायला हवी, नाहीतर पावसाळ्यात चिखल अडकून चाक जाम होतं. रिमवर घासणारे ब्रेक असतील तर जुन्या रिमची भिंत झिजून पातळ झालेली नाही ना, हेही बघा. सेकंडहँड घेताना तर नक्कीच.

हवा किती?

रिमवर कमाल दाबाचा एक आकडा असतो, टायरवर दुसरा. दोघांतला जो लहान, तो आपला. टायरवर ८५ लिहिलंय आणि रिमवर ७२, तर कमाल ७२. आणि ही कमाल मर्यादा आहे. तितकी भरायलाच पाहिजे असं नाही. पासिंग आणि डिस्टिंक्शन यांत जेवढा फरक, तेवढाच यातही आहे. ट्यूबच नसल्यामुळे ती चिमटून फुटण्याची भीती राहत नाही, म्हणून कमी हवेत चालवता येतं. ६०-६५ किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये ६० पीएसआयच्या आसपास पुरते. पाठही कमी दुखते.

उन्हाचंही लक्षात ठेवा. पहाटे २० अंशाला ५ बार भरून सायकल भर दुपारी पार्किंगमध्ये ठेवली आणि टायरमधली हवा ४५ अंशाला गेली, तर दाब जवळजवळ अर्धा बार वाढतो. थर्मोचा साधा नियम, फक्त तापमान केल्विनमध्ये आणि दाब वातावरणाचा मिळवून घ्यायचा. म्हणजे काठोकाठ भरणाऱ्याचा आकडा काही न करता मर्यादेबाहेर जातो.

बसवताना

टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा २-३ मि.मी. जास्त रुंद घ्या आणि ओढून, हवेचा बुडबुडा न ठेवता लावा. टायर चढवताना बीडचा आधी बसलेला भाग मधल्या पन्हळीत ढकलत राहा. तिथे व्यास कमी असल्यामुळे शेवटच्या भागाला ढील मिळते. ही युक्ती कळली की स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. (स्क्रू ड्रायव्हर लावूच नका, टेप फाटते.) काठांना साबणाचं पाणी लावा. पंपाने टायर बसत नसेल तर व्हॉल्व्हचा गाभा काढून एकदम हवा सोडा. 'टप टप' आवाज आला की टायरवर रिमलगत जी बारीक रेघ असते ती चाकभर सारख्या अंतरावर दिसते का ते पाहा. कुठे रेघ आत बुडाली असेल तर टायर तिथे बसलेला नाही. पण बसवण्यासाठीसुद्धा कमाल आकड्याच्या वर जायचं नाही.

मग २८ च्या टायरला ३० ते ४५ मि.लि. सीलंट. हे रबराच्या चिकासारखं पांढरं द्रव असतं. काटा घुसला की भोकातून बाहेर येताना तिथेच गोठतं. दोन-तीन मि.मी.पर्यंतचं भोक असं बंद होतं. त्याहून मोठ्या चिरेला रबराची वात भरावी लागते, आपल्या गेटसमोरचा पंक्चरवाला स्कूटरला भरतो तशीच, पण बारीक. सीलंट सुकतं. उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी आत डोकावून बघा. आणि रात्रभर सायकल तशीच ठेवून सकाळी हवा तपासल्याशिवाय घाटात जाऊ नका.

पण खरंच हवं का?

हॉस्टेल ते क्लास, क्लास ते टपरी एवढाच प्रवास असेल तर अजिबात नको. ट्यूब स्वस्त असते, कुठेही मिळते, आणि कोणीही बदलून देतं. आठवड्याला शंभर-दीडशे किलोमीटर चालवत असाल, काट्यांनी छळलं असेल, तरच या भानगडीत पडा. आणि पडलात तर सुटे पैसे आणि एक ट्यूब खिशात ठेवाच. सीलंट हरलं तर घरी आणते ती ट्यूबच.

पार्टनर आता बरी आहे. जानेवारीत तिने पुन्हा सायकल चालवायला सुरुवात केली. नवीन रिम घेतली, आतून २१, हुकवाली, टायर २८. या वेळी मी तिला काही निवडून दिलं नाही. आम्ही दोघी दुकानात टायर हातात घेऊन त्यावरचं एकेक अक्षर मोठ्याने वाचत बसलो होतो. दुकानदार काका कंटाळून म्हणाले, "अहो ताई, बसतो हा, बिनधास्त घ्या." पार्टनर म्हणाली, "काका, बसला तर तो मागच्या वेळीही होता."

दिवाळीत तिच्या घरी गेले होते. काकूंना कागदावर रिमचा छेद काढून सगळं सांगितलं. टायर मी बसवला होता, हेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आता वाचतेस ना गं नीट?"

हो काकू. वाचते.

असो. लेख जरा लांबला. शुद्धलेखनाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात. आणि तुमच्यापैकी कोणी सेकंडहँड चाकं घेणार असेल तर आधी मेकॅनिकलच्या वर्कशॉपमध्ये या. मामा व्हर्नियर देतात, फक्त काम झाल्यावर पुसून परत ठेवायचा.